पर्यायी व्यवस्था

माणसाने जळावं, पण निदान जळण्यालायक गोष्टीवर तरी जळावं, असं आमच्या हिचं म्हणणं आहे. कुणाच्या बंगल्यावर जळा, कुणाच्या दाट केसांवर जळा. पण तीन दिवसांच्या प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रावर जळणारा माणूस तिने तरी पाहिलेला नाही म्हणे. तिला काय कळणार? ती नळजोडणी कार्यालयात नोकरीला नाही.

मी आहे. हे सगळं घडलं तेव्हा एकोणतीस वर्षं झाली होती. शहरातल्या कुठल्याही घरात नळ आला असेल, तर त्या नळाची फाईल माझ्या रेकॉर्ड रूममध्ये आहे. अशा तीन हजार दोनशे फायली, आणि त्या सगळ्या माझ्या डोक्यात. प्रत्येक फाईलवर नंबर आहे, नाही असं नाही. पण नंबर बघून फायली लावणं हे ज्याला डोकं नाही त्याचं काम. माझ्याकडे फाईल तिच्या स्वभावाप्रमाणे राहायची. एका भिंतीवरून भांडणारे दोन शेजारी एकाच दोरीत बांधलेले, कारण एकाची फाईल मागवली की अर्ध्या तासात दुसऱ्याची मागवली जातेच. दर महिन्याला तक्रार घेऊन येणारे पंख्याखाली, हाताशी. घर विकून गेलेले माळ्यावर. ज्यांची एक सही दुसऱ्या सहीशी जुळत नाही ते खिडकीत. आणि वकील मंडळी वेगळ्या कपाटात, कुलूप लावून.

साहेबांना फाईल हवी असली की ते मला बोलावत. मी डोळे मिटायचो, कपाळावर बोट ठेवायचो आणि आत जायचो. फाईल मिळायचीच. कधी दहा मिनिटांत, कधी दोन दिवसांत. शेवटी मीही माणूस आहे, आठवायला वेळ लागतो. एकदा माझी दाढ काढली त्या दिवशी ऑफिसातून फोन आला होता. तोंडात कापसाचा बोळा होता. मी नुसते हुंकार देऊन, एक हुंकार म्हणजे खिडकी, दोन म्हणजे माळा, अशी फाईल शोधून दिली. दाताचे डॉक्टर बघतच राहिले.

तर अशा माणसाच्या समोरच्या टेबलावर आवकजावक बसतो. त्याचं खरं नाव तुम्हाला सांगून उपयोग नाही, ऑफिसात कुणी वापरत नाही. येणारी पत्रं घ्यायची, वहीत चढवायची, जाणारी पत्रं पाठवायची, हे त्याचं काम. माझ्याहून आठ वर्षांनी लहान. सदा हसतमुख, हा त्याचा दुसरा दोष. पत्र आलं कुठे आणि गेलं कुठे याचा त्याला पत्ता नसायचा, आणि ते तो हसतच सांगायचा. या गृहस्थाला साहेबांनी 'कार्यक्षमता वृद्धी' नावाच्या प्रशिक्षणाला पाठवलं.

परत आला तो टेबलावर तीन ट्रे घेऊन. एकावर चिठ्ठी 'आज', दुसऱ्यावर 'उद्या', तिसऱ्यावर 'नंतर'. पेनं एका डब्यात उभी. येताजाता "आपण एक टीम आहोत" असं म्हणायला लागला. आणि मला सगळ्यात जास्त जे लागलं ते सांगतो: पत्रं सापडायला लागली. साहेब माझ्यादेखत त्याच्या टेबलाशी थांबून म्हणाले, "बघा, प्रशिक्षणाने माणसात केवढा फरक पडतो!" मी म्हटलं, "हो ना." या दोन शब्दांना मला जेवढे कष्ट पडले तेवढे एकोणतीस वर्षांत पडले नव्हते.

आता, मी काही प्रशिक्षणाच्या विरुद्ध नाही. मी दर वर्षी अर्ज करत आलोय. दर वर्षी साहेब, म्हणजे त्या त्या वेळचे साहेब, माझ्या खांद्यावर हात ठेवून एकच वाक्य म्हणायचे, "अहो, तुम्हाला सोडलं तर ऑफिस चालणार कसं?" ते ऐकून मी दोन दिवस फुगलेला असायचो. तिसऱ्या दिवशी हवा जायची. कारण हिशेब सरळ होता. ज्याच्यावाचून कुणाचं अडत नाही त्याने चार ठिकाणं बघायची, चहा-बिस्किटं खायची, प्रमाणपत्रं मिळवायची. आणि ज्याच्यावाचून पान हलत नाही त्याने धूळ खात बसायचं.

तरी मी गप्प बसलो असतो. पण आवकजावक आमच्या समोरच्याच इमारतीत राहतो. एका संध्याकाळी ही त्याच्याकडे चहाला जाऊन आली.

"टीव्हीच्या वर लावलंय हो प्रमाणपत्र. फ्रेम करून. छान दिसतं," ही म्हणाली. "सोनेरी कड आहे."

"छापलेली असते ती कड," मी म्हटलं.

"मग काय खरं सोनं लावणार?" आणि मग आमच्या टीव्हीच्या वरच्या मोकळ्या भिंतीकडे तिने एकदा पाहिलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्या क्षणी मी ठरवलं, या वर्षी जायचं. आणि तीन दिवसांच्या नाही, पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला जायचं.

ही बातमी जिन्यातून वर कशी गेली मला माहीत नाही, पण वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर खाली आले. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज नाकारले, त्यामुळे अर्ज कसा असावा हे आपल्यालाच कळतं अशी त्यांची समजूत आहे. "'विनंती' हा शब्द काढा," ते म्हणाले, "'हक्क' लिहा. समोरचा हादरला पाहिजे." मी लिहिलं. समोरचा हादरला नाही. चार दिवसांनी साहेबांच्या लाल पेनाने 'हक्क'भोवती एक गोल होऊन अर्ज परत आला, सोबत आपली वर्तणूक सुधारण्याबद्दल एक ज्ञापन. हेडमास्तर म्हणाले, "म्हणजे वाचला तरी!"

मेहुणा एका मोठ्या कंपनीत आहे. तिथे दर महिन्याला प्रशिक्षण असतं. "आमच्याकडे तर भावजी, डोळे मिटून मागे पडायला लावतात," तो म्हणाला, "मागचे सहकारी झेलतात. विश्वास वाढतो. तुम्ही पडलात तर तुमच्या ऑफिसात कोण झेलेल?" असले प्रश्न विचारायला त्याला पगार मिळतो की काय कोण जाणे. पण मी रात्रभर कूस बदलत एकेक सहकारी मनात मागे उभा करून पाहिला. झेलील असा एकच दिसला, आणि तो आवकजावक होता. त्यामुळे तर मला त्याचा जास्तच राग आला.

मग रीतसर छापील अर्ज आणला. त्याला नेमणुकीच्या आदेशाची प्रत जोडायची होती. तो आदेश माझ्या सेवा-फाईलमध्ये, आणि माझी सेवा-फाईल माझ्याच रेकॉर्ड रूममध्ये. कपाळावर बोट ठेवलं, डोळे मिटले. काही नाही. तीन दिवस मी स्वतःला शोधत होतो. पंख्याखाली पाहिलं, माळ्यावर चढलो, वकिलांच्या कपाटातसुद्धा डोकावलो. शेवटी मी खिडकीत निघालो. एकोणतीस वर्षांपूर्वीची माझी सही आणि आजची सही जुळत नाही. मी नि:पक्षपाती माणूस, मीच मला तिथे टाकलं होतं.

अर्जात अकरा रकाने होते. दहा भरले. नववा दर वर्षी रिकामा राहायचा, तसाच राहिला: 'गैरहजेरीच्या काळातील पर्यायी व्यवस्था. नाव, पद आणि कामाची माहिती दिल्याचा दाखला.' माझ्या कामाला पर्यायी व्यवस्था? सूर्य रजेवर गेला तर काय करणार, असं विचारण्यासारखंच हे. मी हे साहेबांना जरा सौम्य शब्दांत सांगत होतो, तेवढ्यात समोरच्या टेबलावरून हात वर झाला.

"मी बघतो ना पाच दिवस," आवकजावक म्हणाला. "दादा, तुम्ही निर्धास्त जा. आपण एक टीम आहोत."

साहेब म्हणाले, "वा! याला म्हणतात प्रशिक्षण."

माझा तिळपापड झाला. माझ्या जागेवर पाच दिवस बसायला एखादा हात वर करतो आणि तेही हसत! म्हणजे माझं काम त्याला ट्रे भरण्यातलं वाटलं. पण त्याच्या हाताशिवाय नववा रकाना भरत नव्हता, आणि त्या रकान्याशिवाय आमच्या भिंतीवर फ्रेम लागत नव्हती. मी होकार दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो कोरी वही घेऊन रेकॉर्ड रूममध्ये आला. स्टुलावर बसला, पेनाचं टोपण काढलं, तारीख लिहिली आणि माझ्याकडे पाहू लागला. शाळेतल्या हुशार मुलासारखा. मी रॅककडे पाहिलं. भांडणारे शेजारी, पंख्याखालचे तक्रारखोर, खिडकीतल्या सह्या. एकोणतीस वर्षं. हे सगळं या माणसाला एका तासात देऊन टाकायचं? म्हणजे पुढच्या महिन्यात 'भांडखोर', 'तक्रारखोर', 'वकील' असे ट्रे करून हा त्यावरही प्रमाणपत्र मिळवणार!

मी खोटं बोललो. एकोणतीस वर्षांत ऑफिसच्या कामात मी खोटं बोललो नव्हतो, त्यामुळे सराव नव्हता. जे सगळ्यात आधी सुचलं ते बोललो.

"अगदी सोपं आहे," मी म्हटलं. "प्रत्येक फाईलवर नंबर असतो. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, नंबराप्रमाणे लावलेल्या आहेत. बस्स."

त्याने ते लिहून घेतलं. खाली रेघ मारली. "इतकंच?"

"इतकंच."

"आणि मला वाटायचं, किती अवघड असेल! तुमची कमाल आहे दादा." त्याने दाखल्यावर सही केली. माहिती मिळाली, समजली.

मी अगदी खुशीत घरी गेलो. माझा बेत आता पक्का झाला होता. सोमवारी हा रॅक उघडणार. पहिल्या फाईलशेजारी दोन हजार सातशे चौदावी बघणार. दुपारपर्यंत घाम फुटणार. संध्याकाळी साहेबांचा फोन येणार, "काहीही करा, पण परत या." मग मी दोन हुंकार देणार. प्रमाणपत्रही मिळणार आणि प्रशिक्षण घेतलेल्या माणसाला माझ्यापुढे किती किंमत आहे हेही जगाला दिसणार.

प्रशिक्षण केंद्रात माझ्या खिशाला एक बिल्ला लावला, 'सहभागी क्रमांक सत्तावीस'. मी फोन टेबलावर, आवाज मोठा करून, डोळ्यांसमोर ठेवला. प्रशिक्षिका बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. "फोन बंद ठेवाल का, काका?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "ठेवला असता, पण माझ्या ऑफिसातून केव्हाही येऊ शकतो. माझ्यावाचून अडतं त्यांचं." बाईंनी मान डोलावली आणि काहीतरी लिहून घेतलं.

सोमवारी फोन आला नाही. कागदी पेल्यांचा मनोरा रचायला लावला. आमच्या गटाचा सगळ्यात आधी पडला, कारण माझं लक्ष फोनकडे होतं. मंगळवारी आला नाही. त्यांना लाज वाटत असणार, मी समजून घेतलं. बुधवारी वाजला. मी खुर्चीतून उठलो, सगळ्या वर्गाला हाताने थांबायची खूण केली आणि मोठ्याने "बोला!" म्हटलं. ही होती. येताना दूध आणा म्हणाली.

गुरुवारी बाईंनी विचारलं, आपापल्या कामाची पद्धत सांगा. मी उठलो आणि सगळं सांगितलं. दोरीतले शेजारी, खिडकीतल्या सह्या, दाढ आणि हुंकार. वर्ग खूप हसला. मलाही बरं वाटलं. मग बाई फळ्याकडे वळल्या आणि त्यांनी एक मोठं घर काढलं, त्याखाली एकच खांब काढला.

"सत्तावीस क्रमांकांनी फार छान उदाहरण दिलं," त्या म्हणाल्या. "ज्या ऑफिसात सगळी माहिती एकाच माणसाच्या डोक्यात असते, ते ऑफिस आजारी असतं. आणि तो माणूसही अडकलेला असतो. काका, तुम्ही पर्यायी माणसाला हे सगळं शिकवून आलात ना?"

अठ्ठावीस माणसं माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "हो. दाखला आहे."

त्या दिवशी चहाबरोबरची बिस्किटं मला गेली नाहीत. पहिल्यांदाच असं वाटलं की फोन आला नाही म्हणजे तिकडे काहीतरी भलतंच झालं असेल. लोक परत पाठवले जात असतील. तो बिचारा हसतमुख माणूस रॅकपुढे उभा असेल. माझी फजिती कशी झाली पाहा: ज्याचा घाम बघायला मी आसुसलो होतो, त्याच्यासाठी मलाच घाम फुटला.

शुक्रवारी प्रमाणपत्र मिळालं. सोनेरी कड, पाच दिवस. ते मी नीट पाहिलंही नाही.

सोमवारी मी ऑफिसात अर्धा तास आधी पोचलो आणि रेकॉर्ड रूमच्या दारातच थांबलो. खोली माझी नव्हती. रॅकवर एक ते दोनशे, दोनशेएक ते चारशे, अशा चिठ्ठ्या. फायली ताठ उभ्या, एका रांगेत. खिडकी मोकळी, तिच्यातून उजेड येतो हे मला एकोणतीस वर्षांत माहीत नव्हतं. वकिलांच्या कपाटाचं कुलूप काढलेलं. दोऱ्या सोडून, गुंडाळी करून, एका डब्यात.

आवकजावक मागून आला. डोळे लाल, बोटांना चिकटपट्ट्या. त्याने दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, "दादा, एक सांगू? रागावू नका. तुम्ही सांगितलंत तशा फायली नव्हत्या. कुणीतरी सगळ्या उलटसुलट करून ठेवल्या होत्या. एकाशेजारी दोन हजार सातशे चौदा!"

"असं?" मी म्हटलं.

"साहेबांना कळलं असतं तर तुमच्या नावाला बट्टा लागला असता. तुमच्याइतका नेटका माणूस! म्हणून मी कुणाला बोललोच नाही. म्हातारे शिपाईकाका आणि मी, पाच दिवस आणि शनिवार-रविवार धरून, सगळ्या परत होत्या तशा लावल्या. तुम्ही सांगितलेलं वाक्य होतं म्हणून जमलं." त्याने वही उघडून दाखवली. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. रेघेसकट.

मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. मी डोळे मिटून मागे पडलो होतो, आणि याने झेललं होतं. त्याला मिठी मारावी असंही वाटलं आणि त्याचे तिन्ही ट्रे खिडकीतून फेकावेत असंही वाटलं. खरं सांगायची सोय नव्हती. 'फायली उलटसुलट नव्हत्या, तीच माझी पद्धत होती' म्हणावं, तर 'मग मला खोटं का सांगितलं?' हा प्रश्न आलाच.

तेवढ्यात दार ढकलून एक गृहस्थ आले, पंख्याखालच्यांपैकी, माझ्या ओळखीचे. मी सवयीने पंख्याखाली हात घातला. हातात भलतंच कुणीतरी आलं. मी कपाळावर बोट ठेवलं. आवकजावकने नंबर विचारला, चार पावलं चालला आणि फाईल काढून दिली. गृहस्थ घड्याळ बघून म्हणाले, "अरे वा, आज लगेच?"

साहेबांनी दुपारी सगळ्या स्टाफला बोलावलं. पूर्वी फाईल मिळायला सरासरी एक दिवस लागत होता, आता तीन मिनिटं, असं त्यांनी जाहीर केलं. "एका तासाच्या शिकवणीत असा माणूस तयार करणं," ते माझ्याकडे हात करून म्हणाले, "हे खरं प्रशिक्षण!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात आवकजावकने. मला पुष्पगुच्छ मिळाला. तो घेताना मी उभा असलेला फोटो पाहिलात तर तुम्हाला वाटेल की दाढ नुकतीच काढलीय.

याला आता दीड वर्ष झालं. आमच्या टीव्हीच्या वर फ्रेम आहे. तिच्या शेजारी आणखी आठ आहेत. आग विझवणे, प्रथमोपचार, ताणमुक्ती, संगणक ओळख, संगणक फेरओळख. परिपत्रक आलं की साहेब मलाच पाठवतात. ही म्हणते, आता पुरे, भिंत संपली. हेडमास्तर माझी ओळख 'आमचे प्रशिक्षित शेजारी' अशी करून देतात. ताणमुक्तीच्या वर्गात श्वास मोजताना मी फोन समोर ठेवतो. तो वाजत नाही.

परवा आणखी एक परिपत्रक आलं. दहा दिवस, समुद्रकाठी. आवकजावकने या वेळी फार हौसेने अर्ज केला होता, त्याच्या बायकोलाही समुद्र बघायचा होता. साहेबांच्या खोलीतून तो बाहेर आला तेव्हा मी दीड वर्षात, खरं तर कधीच, न पाहिलेली गोष्ट पाहिली. तो हसत नव्हता.

"नाही म्हणाले," तो माझ्या टेबलाशी येऊन बसला. "खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, तुम्हाला सोडलं तर ऑफिस चालणार कसं? तुम्ही नशीबवान दादा. तुम्हाला केव्हाही जाता येतं."

मी त्याची समजूत घातली. पुढच्या वर्षी नक्की पाठवतील म्हटलं. त्याला चहा पाजला. आणि तो चहा पीत असताना मी त्याच्या त्या खांद्याकडे बघत होतो, आणि आयुष्यात कुणावर जळलो नसेन इतका त्या खांद्यावर जळत होतो.

थोड्या वेळाने साहेबांकडून त्याच परिपत्रकाचा अर्ज माझ्या नावाने आला, फक्त सहीसाठी. बाकीचे रकाने त्यांनी स्वतःच भरले होते. मी नववा पाहिला. पर्यायी व्यवस्था. त्यापुढे साहेबांच्या लाल पेनाने, स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: 'आवश्यकता नाही.'